मुका ‘के’, उपरा ‘बी’ आणि ‘ढ’चं कुळ

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा, टेबलासमोर चिकटवलेला एक तरी कागद दिसतोच: इंग्रजी शब्दांची यादी. डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. या याद्या बहुतेकदा अक्षरांवरून लावलेल्या असतात. ‘जी-एल’ने सुरू होणारे शब्द, ‘के-एन’ने सुरू होणारे, पोटात ‘एस-पी-ई-सी-टी’ असलेले, शेवटी ‘जी-एच-टी’ असलेले. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं त्या रोज घोकतात, आठवड्याभरात बऱ्याच विसरतात आणि पुन्हा घोकायला बसतात.

नारायण पेठेत अशाच मुलांना मी इंग्रजी शिकवते. ही यादी चुकीची नाही, अपुरी आहे, असं मला सारखं वाटतं. सारख्या अक्षरांचे शब्द एकत्र लिहिले हे उत्तमच. पण ती अक्षरं सारखी का, हे यादीत कुठेच नसतं. कधी ते शब्द खरोखर एका कुळातले असतात. कधी नुसत्या आवाजाने एकत्र आलेले असतात. कधी चार-पाचशे वर्षांपूर्वी कुणा विद्वानाने एखादं अक्षर मुद्दाम मध्ये घातलेलं असतं. आणि कधी तो निव्वळ योगायोग असतो. आपल्यासमोरचा शब्द यातल्या कुठल्या प्रकारातला हे कळलं, की पाठांतराचा भार खूप उतरतो. त्यातही कुळ ओळखण्याच्या बाबतीत मराठी माणसाच्या हाताशी जे धन आहे, ते लंडनमधल्या मुलाकडेही नाही. ते वापरायचं कसं, तेवढंच इथे सांगायचं आहे.

अगदी पहिलीतला शब्द घेऊ. ‘टू’, म्हणजे दोन. स्पेलिंग टी, डब्ल्यू, ओ. मधल्या डब्ल्यूचा उच्चार होत नाही, म्हणून लहान मुलं तो हमखास गाळतात. तो तिथे का बसलाय? त्याची भावंडं बघितली की समजतं. ‘ट्विन’ म्हणजे जुळं, ‘ट्वाइस’ म्हणजे दोनदा, ‘ट्वेंटी’ म्हणजे दोन दहा. ‘ट्वेल्व्ह’चा मूळ अर्थ ‘दहा काढून दोन उरले’. ‘बिट्वीन’ म्हणजे दोघांच्या मध्ये, ‘ट्वाइन’ म्हणजे पदर पिळून केलेली सुतळी, ‘ट्विस्ट’ म्हणजे दोन पदर एकमेकांत पिळणं. या सगळ्यांत डब्ल्यू खणखणीत ऐकू येतो. ‘टू’मध्येही तो पूर्वी उच्चारला जात होता. नंतर जिभेने तो सोडला, लिखाणात राहिला.

आपल्याकडेही हेच घडलंय आणि तेही याच शब्दाच्या बाबतीत. संस्कृतातला ‘द्वि’ घ्या. त्यापासून आलेल्या ‘दोन’, ‘दुसरा’, ‘दुप्पट’, ‘दुहेरी’ या शब्दांत द राहिला आणि व गेला. ‘बारा’, ‘बावीस’, ‘बत्तीस’मध्ये उलट झालं: द गेला आणि व चा ब झाला. ‘बे एके बे’ म्हणतो त्यातला ‘बे’ तोच. इतकी वर्षं पाढे म्हणूनही ‘बे’ आणि ‘दोन’ सख्खे भाऊ आहेत हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. तसंच इंग्रज मुलाच्याही लक्षात येत नाही की ‘टू’ आणि ‘ट्विस्ट’ एका घरातले आहेत.

आता यातली खरी मेख. ‘टू’ आणि ‘द्वि’ हेसुद्धा एकाच घरातले. १७८६ साली कोलकात्यात सर विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य इतकं दाट आहे की त्या एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात. पुढे डेन्मार्कचे रास्मुस रास्क यांनी १८१८मध्ये आणि जर्मनीचे याकोप ग्रिम यांनी १८२२मध्ये त्या साम्याचे नियम दाखवले. त्यातला आपल्या कामाचा भाग असा: संस्कृतात जिथे द आहे तिथे इंग्रजीच्या घरगुती, म्हणजे दुसऱ्या भाषेतून उसन्या न घेतलेल्या, शब्दांत ट येतो, आणि जिथे प आहे तिथे फ येतो. मग द्वि आणि टू, दश आणि टेन, दंत आणि टूथ, दारु आणि ट्री. हा ‘दारु’ म्हणजे लाकूड, ‘देवदार’मधला. दुसरीकडे पितृ आणि फादर, पाद आणि फुट, पूर्ण आणि फुल, पंच आणि फाइव्ह. एकदा हे दिसलं की हे शब्द परके वाटत नाहीत.

पण सावध राहायला हवं. ‘टी-डब्ल्यू’ने सुरू होणारा प्रत्येक शब्द ‘दोन’च्या घरातला नाही. ‘ट्वीझर’ म्हणजे चिमटा. त्याला दोन पाय असतात, म्हणून वाटतं हाही त्यातलाच. पण तो फ्रेंचमधल्या ‘एत्वी’ या शब्दावरून आलाय. एत्वी म्हणजे बारीकसारीक हत्यारं ठेवायची छोटी पेटी. पेटीचं नाव आतल्या हत्याराला लागलं आणि पहिला स्वर गळून पडला. ‘ट्वीट’ तर पाखराच्या आवाजावरूनच केलेला.

आता मुका ‘के’. ‘नी’ म्हणजे गुडघा, ‘नो’ म्हणजे जाणणं, ‘नाइफ’ म्हणजे सुरी, ‘नॉट’ म्हणजे गाठ, ‘नकल’ म्हणजे बोटाचं पेर. स्पेलिंगात सगळ्यांच्या पुढे के आहे. हे शब्द आपण देवनागरीत लिहिले की तो के पार नाहीसा होतो, पण जुन्या इंग्रजीत लोक खरोखर ‘क्नी’, ‘क्नो’ असंच म्हणत. जर्मन माणूस आजही गुडघ्याला ‘क्नी’च म्हणतो. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना काढला, त्यानंतर स्पेलिंगं हळूहळू ठरत गेली. उच्चार मात्र बदलतच राहिले. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजांच्या जिभेवरून हा क उतरला होता. तोवर पुस्तकांत तो पक्का बसला होता.

वर द-ट आणि प-फ अशा जोड्या सांगितल्या, तशीच आणखी एक आहे. मूळ भाषेतल्या एका ग चा इंग्रजीत क झाला, लॅटिन-ग्रीकमध्ये ग च राहिला आणि संस्कृतात ज झाला. म्हणून इंग्रजीत ‘क्नी’ आणि संस्कृतात ‘जानु’. आजानुबाहू म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो, त्यातला जानु. इंग्रजीत ‘किन’ म्हणजे नातेवाईक, संस्कृतात ‘जन’. आणि इंग्रजीत ‘क्नो’, ग्रीकमध्ये ‘ग्नोसिस’, संस्कृतात ‘ज्ञा’.

या शेवटच्या शब्दापाशी मी वर्गात नेहमी जास्त वेळ थांबते. ‘ज्ञ’ हे आपल्या मुळाक्षरांतलं शेवटचं अक्षर. ते मुळात ज आणि ञ यांचं जोडाक्षर. मराठीत आपण त्याचा उच्चार ‘द्न्य’ असा करतो, हिंदीवाले ‘ग्य’ करतात. दोन व्यंजनांची ही जोडी इंग्रजीत के-एन म्हणून दिसते आणि ग्रीक-लॅटिनमधून आलेल्या शब्दांत जी-एन म्हणून. शब्दात हा जी-एन दिसला की ‘जाणणे’ शोधून बघायचं. ‘रेकग्नाइज’ म्हणजे पुन्हा जाणणं, ओळखणं. ‘कॉग्निशन’ म्हणजे जाणण्याची क्रिया, आकलन. ‘डायग्नोसिस’ म्हणजे लक्षणं वेगळी करून जाणणं, निदान. ‘प्रॉग्नोसिस’ म्हणजे पुढचं जाणणं, हा आजार आता कुठल्या वळणाने जाईल याचा अंदाज. त्यातला ‘प्रो’ आणि आपला ‘प्र’ हेही एकाच मुळाचे.

आणि आता हे चार शब्द शेजारी शेजारी ठेवून बघा. अज्ञात. अननोन. इग्नोरंट. अग्नॉस्टिक. पहिला संस्कृत, दुसरा घरगुती इंग्रजी, तिसरा लॅटिनमधून आलेला, चौथा इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्स्ली यांनी १८६९मध्ये ग्रीक तुकडे जोडून घडवलेला. चौघांचे अर्थ आज वेगवेगळे: माहीत नसलेला, अनोळखी, अडाणी, आणि ‘देव आहे की नाही हे जाणता येत नाही’ असं म्हणणारा. पण प्रत्येकाची बांधणी तीच: पुढे ‘नाही’, मागे ‘जाण’. पुढचे ‘अ’, ‘अन’, ‘इ’ हे नकारही एकाच मुळाचे. मला यात विलक्षण आनंद होतो आणि तो मुलांना व्हावा यासाठी मी धडपडते. चार शब्द चार ओळींत घोकणं वेगळं आणि एकाच शब्दाचे चार प्रवास बघणं वेगळं. पाचवाही आहे: ‘अनकूथ’. आज त्याचा अर्थ रांगडा, असंस्कृत. मूळ अर्थ ‘ओळखीचा नसलेला’. त्यातला ‘कूथ’ म्हणजे ‘जाणलेला’.

इथेही सगळे के-एन एका घरचे नाहीत, हे सांगायलाच हवं. ‘नॉट’ गाठ, ‘नॉब’ मूठ, ‘नकल’ पेर, ‘नोल’ टेकाड, ‘नीड’ म्हणजे कणीक तिंबून गोळा करणं, हा दुसराच गट आहे, गाठीगोळ्यांचा. त्याचा ‘ज्ञा’शी संबंध नाही.

‘जी-एच-टी’चं प्रकरण त्यामानाने सरळ आहे. ‘नाइट’, ‘एट’, ‘राइट’, ‘डॉटर’ यांतला जी-एच पूर्वी घशातून, खरखरीत उच्चारला जायचा. इंग्रजांनी तो आवाज सोडला, जर्मनांनी ठेवला. इथे कामाला येणारी गोष्ट अशी, की इंग्रजीतल्या जी-एच-टीच्या जागी लॅटिन-ग्रीक शब्दांत पुष्कळदा सी-टी असतो. नाइट आणि ‘नॉक्टर्नल’ म्हणजे निशाचर. एट आणि ‘ऑक्टोपस’, आठ पायांचा. राइट आणि ‘करेक्ट’. भूमितीत ‘राइट अँगल’ म्हणजे काटकोन आणि ‘रेक्टँगल’ म्हणजे आयत हे आपण वेगवेगळे पाठ करतो. पण ‘रेक्ट’ आणि ‘राइट’ हे एकाच घरातले, दोन्हींचा अर्थ ‘सरळ’. संस्कृतात रात्रीला ‘नक्त’ म्हणतात, आठला ‘अष्ट’, सरळला ‘ऋजु’, मुलीला ‘दुहिता’, हेही त्याच नात्यातले. आणि ‘लाइट’ म्हणजे हलका, तो आपला ‘लघु’. मराठीतला ‘हलका’ हाही त्याच ‘लघुक’ची अक्षरं मागेपुढे होऊन झालेला. उजेडाचा ‘लाइट’ मात्र वेगळ्या घरातला, कालौघात स्पेलिंग सारखं झालं इतकंच.

‘डिलाइट’ म्हणजे आनंद, यातला जी-एच तर सरळ सरळ उपरा आहे. तो फ्रेंचमधून आलेला शब्द, त्यात हे अक्षर नव्हतं. ‘लाइट’, ‘नाइट’च्या पंगतीत बसला आणि त्यांच्यासारखा लिहिला जाऊ लागला. ‘कुड’मधला एलही असाच, ‘वुड’ आणि ‘शुड’कडे बघून घातलेला. त्या दोघांत तो मुळापासून होता, कारण ते ‘विल’ आणि ‘शॅल’ची रूपं. ‘कुड’ हे ‘कॅन’चं रूप, तिथे एल येणार कुठून?

उपऱ्या अक्षरांचा विषय निघाला की वर्गातलं कुणीतरी ‘डेट’ म्हणजे कर्ज या शब्दावर बोट ठेवतंच. “मॅडम, हा बी कशाला? बोलत नाही, काही करत नाही.” बीडहून आलेल्या एका मुलाने असं विचारलं तेव्हा मी त्याला फळ्यावर तीन शब्द एकाखाली एक लिहायला सांगितले: वर लॅटिन ‘डेबितुम’, मध्ये फ्रेंच ‘देत’, खाली इंग्रजी ‘डेट’. पहिल्यात बी आहे, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात परत आहे. त्याने मधल्या शब्दाखाली रेघ ओढली आणि म्हणाला, “म्हणजे हा वाटेत पडला आणि नंतर कुणीतरी उचलून आणला.” अगदी तसंच झालं. इंग्रजीने हा शब्द फ्रेंचमधून घेतला तेव्हा बी नव्हता. पुढे लॅटिन शिकलेल्या विद्वानांना वाटलं, की शब्दाचं थोर कुळ लिखाणात दिसलं पाहिजे. त्यांनी ‘डेट’मध्ये बी घातला, ‘डाउट’मध्ये घातला, ‘रिसीट’मध्ये पी घातला. ‘आयलंड’मध्ये एस घातला, तो तर चुकून. ‘आइल’ या फ्रेंच-लॅटिन शब्दाशी त्याचं नातं आहे असा समज झाला म्हणून. प्रत्यक्षात ‘आयलंड’ घरगुती इंग्रजी शब्द, त्यात एसचा कधी संबंधच नव्हता.

अशा मुक्या अक्षरांवर एक चांगला उपाय आहे. शब्दात जे अक्षर गप्प बसतं ते त्याच्या भावंडात बोलतं. भावंड शोधायचं. ‘डेट’मधला बी ‘डेबिट’मध्ये ऐकू येतो, बँकेच्या पासबुकात रोज दिसतो. ‘डाउट’मधला ‘ड्युबियस’मध्ये. ‘साइन’मधला जी ‘सिग्नल’ आणि ‘सिग्नेचर’मध्ये. ‘बॉम्ब’मधला शेवटचा बी ‘बॉम्बार्ड’मध्ये, ‘मसल’मधला सी ‘मस्क्युलर’मध्ये, ‘कॉलम’च्या शेवटचा एन ‘कॉलम्निस्ट’मध्ये. स्पेलिंग पाठ करायला याहून सोपी वाट मला माहीत नाही. शिवाय एकाऐवजी दोन शब्द पदरात पडतात.

‘सी-एच’बद्दल मुलं फार वैतागतात. ‘चाइल्ड’मध्ये च, ‘मशीन’मध्ये श, ‘स्कूल’मध्ये क. इंग्रजी बेशिस्त आहे, आपली मराठी कशी लिहिली तशी बोलतो, असं कुणीतरी म्हणतंच. त्यावर मी ‘चार’ आणि ‘चारा’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणायला लावते. किंवा ‘जरा थांब’ मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’. अक्षर एकच, उच्चार दोन, आणि लिखाणात कसलीही खूण नाही. च, ज, झ यांच्या बाबतीत मराठी स्वतःही बोलते तशी लिहीत नाही. आपल्याला ते जन्मापासून येतं म्हणून जाणवत नाही.

इंग्रजीतल्या सी-एचचे तीन उच्चार म्हणजे तीन वाटा. च असेल तर शब्द एक तर घरगुती, किंवा फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी १०६६मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळात फ्रेंचमधून आलेला. चाइल्ड, चर्च, चेअर, चीफ. पुढे खुद्द फ्रेंचांच्याच बोलण्यात त्या च चा श झाला, म्हणून नंतर आलेल्या शब्दांत श आहे: मशीन, पॅराशूट, शेफ. आणि क असेल तर शब्द ग्रीक: केमिस्ट्री, कोरस, कॅरेक्टर, स्टमक, स्कूल. यातले ‘चीफ’ आणि ‘शेफ’ नीट बघा. हा एकच शब्द, इंग्रजीने दोनदा घेतलेला. अर्थ ‘प्रमुख’. मुळात लॅटिन ‘कापुत’, म्हणजे डोकं. मध्ययुगात घेतला तेव्हा चीफ झाला, एकोणिसाव्या शतकात पुन्हा घेतला तेव्हा स्वयंपाकघराचा प्रमुख म्हणून शेफ झाला. आपल्याकडे ‘शेत’ आणि ‘क्षेत्र’ आहेत तसं: एक तोंडोतोंडी झिजत आलेला, दुसरा ग्रंथातून जसाच्या तसा आणलेला, आणि आज दोघांची कामं वेगळी.

इतका वेळ कुळाबद्दल बोललो. आता वेगळी गोष्ट. ‘ग्लो’, ‘ग्लीम’, ‘ग्लिटर’, ‘ग्लिसन’, ‘ग्लिंट’, ‘ग्लिमर’, ‘ग्लेअर’. सगळे चमकण्याचे प्रकार. यातले काही खरंच एका मुळाचे आहेत. पण सगळ्यांना जोडतं ते मूळ नव्हे, आवाज. इंग्रजी कानाला जी-एल म्हटलं की चकाकी आठवते आणि नवे शब्दही त्याच वळणाने घडतात. अशा अर्थवाही आवाजाला जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९३०मध्ये ‘फोनेस्थीम’ असं नाव दिलं. फर्थ त्याआधी लाहोरला पंजाब विद्यापीठात शिकवत होते.

मराठी माणसाला ही कल्पना शिकवावी लागत नाही. झगमग, झळाळी, झळकणे, झगझगीत, झिलई: झ आला की डोळे दिपतात. आणि ढ बघा. ढगळ, ढिला, ढिसाळ, ढेपाळणे, ढासळणे, ढिम्म, ढेरपोट्या, ढेकूळ, ढोबळ. जे जे म्हणून सैल, जाड, बोजड, न हलणारं, ते सगळं ढ च्या घरात. अभ्यासात मागे पडलेल्या मुलालाही आपण ‘ढ’च म्हणतो. ब्राह्मी लिपीतला ढ आणि आजचा ढ जवळपास सारखाच दिसतो, तो इतक्या शतकांत पुढे गेला नाही म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. त्या शब्दाने मुलं दुखावतात, तो वापरू नये असं माझं ठाम मत आहे. पण आवाजाची ताकद त्यातून कळते.

इंग्रजीत असाच एक गट नाकाचा. ‘स्निफ’ हुंगणं, ‘स्नोअर’ घोरणं, ‘स्नॉर्ट’ फुरफुरणं, ‘स्नाउट’ मुस्कट, ‘स्नफ’ तपकीर, ‘स्नीअर’ नाक मुरडणं, ‘स्नीझ’ शिंकणं. पण या शेवटच्या ‘स्नीझ’ची मूळ सुरुवात एस-एनने नव्हतीच. जुन्या इंग्रजीत तो एफ-एनने सुरू व्हायचा, ‘फ्नीझ’सारखा. एफ-एनने सुरू होणारे शब्द विरळ झाले, त्या काळी लिहिला जाणारा लांब एस एफसारखा दिसायचा, आणि नाकाचे बाकी सगळे शब्द एस-एनचे होते. पंधराव्या शतकाच्या सुमारास हाही त्यांच्यात जाऊन बसला. म्हणजे आवाजाची ओढ इतकी, की तिने शब्दाचं पहिलं अक्षर बदलून टाकलं.

मात्र ‘स्नो’, ‘स्नेक’, ‘स्नेल’ यांचा नाकाशी संबंध नाही, आणि ‘ग्लव्ह’, ‘ग्लू’, ‘ग्लोब’ चमकत नाहीत. म्हणून आवाजावरून अर्थाचा अंदाज बांधायचा, पण परीक्षेत तेवढ्यावर पर्याय निवडायचा नाही.

माझा सगळ्यात आवडता गट ‘स्पेक्ट’चा. लॅटिनमध्ये ‘स्पेकेरे’ म्हणजे बघणं. ‘स्पेक्टेटर’ बघणारा, ‘इन्स्पेक्टर’ आत डोकावून बघणारा, ‘रिस्पेक्ट’ मागे वळून पुन्हा बघणं, ‘सस्पेक्ट’ खालून चोरून बघणं, ‘एक्स्पेक्ट’ बाहेर डोळे लावून बसणं, ‘सर्कम्स्पेक्ट’ सगळीकडे बघून पाऊल टाकणारा, सावध. आता मराठी शब्द बघा. संस्कृतात ‘ईक्ष्’ म्हणजे बघणं. बालगंधर्व रंगमंदिरात बसलेला तो प्रेक्षक. पोलीस चौकीवर पाटी असते तो निरीक्षक. ज्याच्याकडे डोळे लागलेले असतात ती अपेक्षा. बघूनही न बघणं ती उपेक्षा. आणि चहूबाजूंनी बघणं ती परीक्षा, ‘परि’ म्हणजे सभोवती. स्पेक्टेटर-प्रेक्षक, इन्स्पेक्टर-निरीक्षक, एक्स्पेक्ट-अपेक्षा. दोन भाषांनी एकाच ‘बघण्या’ला वेगवेगळे उपसर्ग लावून तेच अर्थ घडवले. इथे अक्षरांचं नातं नाही, विचाराचं आहे. पण ज्याला ही बांधणी दिसली त्याला ‘सर्कम्स्पेक्ट’ म्हणजे सावध हे वेगळं पाठ करावं लागणार नाही.

अक्षरांचं नातं हवं असेल तर तेही आहे. लॅटिन ‘स्पेक’ आणि संस्कृत ‘स्पश्’ एकाच मुळाचे. संस्कृतात ‘स्पश’ म्हणजे हेर, इंग्रजीत ‘स्पाय’, तोही याच घरचा. आणि आपण दिवसातून दहादा वापरतो तो ‘स्पष्ट’, म्हणजे नीट दिसलेलं, हा त्याचाच.

या गटातला एक शब्द तर थक्क करतो. ‘ऑस्पिशस’ म्हणजे शुभ. त्यातला पहिला तुकडा ‘अविस’ म्हणजे पक्षी, दुसरा हा ‘बघणं’. प्राचीन रोममध्ये मोठं काम काढण्याआधी पक्ष्यांचं उडणं बघून कौल घेत. म्हणजे ‘ऑस्पिशस’ हे पक्षी बघण्यावरून आलं. आणि आपला शब्द कोणता? शकुन. संस्कृतात ‘शकुन’ म्हणजे आधी पक्षी, मग पक्ष्यावरून कळणारी पुढची खूण. शकुंतलेचं नावही पाखरांवरूनच.

सारख्या अक्षरांचा धोका कुठे असतो तेही बघू. ‘पेडेस्ट्रियन’ म्हणजे पायी चालणारा, ‘पेडल’ म्हणजे पायाने मारायचं. त्यावरून मुलं ‘पेडिअॅट्रिशियन’ला पायाचा डॉक्टर करतात. पहिल्या दोघांतला ‘पेड’ लॅटिन, म्हणजे आपला पाद. तिसऱ्यातला ग्रीक, त्याचा अर्थ मूल. तो बालरोगतज्ज्ञ.

आणि ‘इन’. ‘इनव्हिजिबल’ म्हणजे न दिसणारं, ‘इनसेन’ म्हणजे डोकं ठिकाणावर नसलेला. म्हणून ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे पेट न घेणारं असं वाटतं. सोलापूर रस्त्यावर पेट्रोलच्या टँकरच्या मागे तांबड्या अक्षरांत ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ ‘अतिज्वलनशील’ असा आहे. इथला ‘इन’ नकाराचा नाही, ‘आत’चा आहे: आत ज्वाळा पेटणारं, ‘इन्फ्लेम’ या क्रियापदावरून आलेलं. लॅटिनमध्येच हे दोन वेगळे ‘इन’ होते आणि इंग्रजीत ते एकसारखे दिसतात. गैरसमज जिवावर बेतू शकतो म्हणून आता बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहितात. अर्थ तोच.

मग प्रत्यक्षात करायचं काय? कुठल्याही बऱ्या इंग्रजी शब्दकोशात अर्थानंतर शेवटी शब्दाचं मूळ दिलेलं असतं. ते बहुतेक जण वाचत नाहीत. ती एक ओळ वाचायची सवय लावा. यादी ठेवायचीच असेल तर वहीत शब्दांना घरं करून द्या आणि प्रत्येक घरापाशी लिहा: नातं, आवाज, की नुसतं दिसणं. अप्पा बळवंत चौकात शब्दकोश घ्यायला गेलात तर मूळ दिलेलं आहे का हे आधी उघडून बघा, ते नसेल तर दुसरा मागा. मराठीसाठी मोल्सवर्थचा कोश आहे. १८३१चा पहिला, १८५७ची सुधारलेली आवृत्ती. त्यात शब्द संस्कृतातून आला, फारसीतून आला की हिंदीतून, याच्या खुणा दिलेल्या आहेत, आणि तो इंटरनेटवर फुकट बघता येतो.

सरावासाठी पुण्याच्याच तोंडचा शब्द घ्या: डेक्कन. मुलं रोज तिथे बस पकडतात. डेक्कन म्हणजे दख्खन, दख्खन म्हणजे दक्षिण. पण दक्षिणेला दक्षिण का म्हणायचं? पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात ज्या बाजूला येतो ती दिशा दक्षिण, कारण संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवा. लॅटिनमध्ये उजव्याला ‘डेक्स्टर’ म्हणतात, मूळ तेच. त्यावरून ‘डेक्स्टेरिटी’, हाताचं कसब, आणि मराठीत ‘दक्ष’. लॅटिनमध्ये डावा म्हणजे ‘सिनिस्टर’, जो इंग्रजीत येऊन ‘अशुभ, कपटी’ झाला, जसा आपल्याकडे डावा या अर्थाचा ‘वाम’ शब्द ‘वाममार्गा’त गेला. दोन्ही हातांनी सारखंच काम करणाऱ्याला इंग्रजीत ‘अॅम्बिडेक्स्ट्रस’ म्हणतात, शब्दशः ‘ज्याचे दोन्ही हात उजवे’. महाभारतात ही कला अर्जुनाला होती. त्याला नाव मिळालं सव्यसाची, आणि त्यातला ‘सव्य’ म्हणजे डावा.